दिवसाचा बर्फ

लाईटीतलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या महाड तालुक्यात कोणाला कळत नाय. कामाच्या पहिल्या दिवशी कॉम्प्रेसर चालू करायचा म्हणून मी जे बटण दाबलं ते घंटीचं निघालं, नि कॉम्प्रेसरच्या ऐवजी शेठची बायको चहा घेऊन आली.

शेठ म्हणाले, "घे आता. तू बोलावलंस, तूच पी."

असा मी बर्फाच्या कारखान्यात लागलो. कारखाना बिरवाडीच्या बाहेर, कंपन्यांकडं जायच्या रस्त्याला. कारखाना म्हटला तरी एक कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची एक मोठी टाकी, त्या पाण्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, नि डब्यात गोठणाऱ्या बर्फाच्या लाद्या. मागची भिंत शेठच्या घराची. मी कापडे गावचा. दुसरीत शाळा सोडली. मास्तर सांगायचे, शाळेनं ह्याला सोडला. मग मुंबईला जाऊन आलो. आमच्या वाडीतली माणसं मुंबईला जातात ती तिकडंच राहतात. मी इतक्या लवकर परत आलो की लोकांना वाटलं काहीतरी विसरला असेल, न्यायला आला असेल.

शेठ दिसायला शेठ नव्हते. मे महिन्यात स्वेटर, कानाला मफलर, खाली अर्धी चड्डी. थंडी वरून लागते, पायाला लागत नाय, असं त्यांचं म्हणणं. बाकीची माणसं दिवस नि रात्र म्हणतात. शेठ म्हणायचे, स्वस्त टायम नि महाग टायम. कारखान्याला लाईट चोवीस तास एका भावानं मिळत नाय. तेव्हा रात्री सगळं जग झोपल्यावर स्वस्त, नि संध्याकाळी घरोघरी पंखे-टीव्ही लागले की सगळ्यात महाग. म्हणून शेठ रात्रभर बर्फ करायचे, पहाटे मासळीवाल्या बायकांना लाद्या द्यायचे, नि दिवसा झोपायचे. लग्न झाल्यापासून हेच.

माणसं पण ते त्याच मापानं मोजायचे. कोण उगाच लांबड लावायला लागला की माझ्या कानात सांगायचे, "हा महाग टायमाचा हाय. आटप लवकर." पोलादपूरला एका लग्नाला गेलो होतो आम्ही. मांडवभर लायटिंग, डीजे, सगळं. लोक नवरानवरीला बघत होते, शेठ वर बघत होते. नवरीच्या बापाला आहेर देताना म्हणाले, "सगळं चांगलं केलंत. फक्त मुहूर्त रात्री दहानंतरचा काढायला पायजे होता."

माझ्यासारख्याला कळावं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला रंग दिला होता. संध्याकाळी सहा ते दहा लाल, सुनेनं विसरलेल्या नेलपॉलिशनं. दहा ते पहाटे सहा हिरवा, तो कॉम्प्रेसरला लावून उरलेला. आता घड्याळ बाराचं नि दिवस चोवीसचा, एवढं काय माझ्या ध्यानात आलं नाय. एका सकाळी नाष्टा करून बघितलं तर काटा लालात. मी पटकन पाण्याचा पंप बंद केला, बत्ती बंद केली, टेम्पोवाल्याला म्हटलं मोबाईल पण चार्जिंगला लावू नको, नि नऊ वाजेपर्यंत अंधारात बसून राहिलो. शेठ आले, बघितलं, नि माझ्या बाजूला येऊन बसले. मग म्हणाले, "कापडेकर, तुझं चुकत नाय. तुझं फक्त बारा तास पुढं-मागं होतं." आता शेठ नायत. घड्याळ अजून चालतं. त्याची बॅटरी मी दर वेळी आधी उलटी घालतो.

ओरडणं हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. ओरडण्यापेक्षा वाईट करायचे, शिकवायचे. एकदा सकाळी लाईट गेली नि परत आली. शेठ तोंड धूत होते. म्हटलं, आपण दाखवू आपलं काम. कॉम्प्रेसर, पंप, टाकीतलं पाणी ढवळायची मोटर, सगळं मी एका दमात चालू केलं. शेठ ब्रश तोंडात घेऊनच धावत आले. मीटरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नि तोंडातला फेस गिळला. दुपारी मला, टेम्पोवाल्याला, लाद्या उचलणाऱ्या दोघांना नि रस्त्यानं चाललेल्या लायनमनला घेऊन सरळ स्वैंपाकघरात शिरले. काकीला, म्हंजे त्यांच्या बायकोला, काय सांगितलेलं नाय. तिच्या टोपात दोघांचा भात.

काकी पदर खोचून उभी. "कोणी आणली ही धाड?"

शेठनी माझ्याकडं बोट दाखवलं. मग मला म्हणाले, "हे एकेक करून आले असते तर ह्याच टोपात, ह्याच शेगडीवर सगळे जेवले असते. एकदम आले म्हणून दुसरं टोप, दुसरी शेगडी. मोटरी पण तशाच. एकीला उठवायची, तिला तोंड धुवू द्यायचं, मग दुसरीला. एकदम उठवल्यास की मीटर तो मोठा आकडा धरून ठेवतो नि महिनाभर त्याचं बिल लावतो." नि काकीला विचारलं, "तू किती दिवस धरून ठेवशील गो हे?"

"वरीसभर."

"बघ. त्या मानानं लाईट कंपनी बरी." त्या दिवशी भांडी मी घासली.

आणखी एक त्यांचं म्हणणं होतं. बर्फ म्हंजे काय, तर साठवलेली लाईट. स्वस्तात घ्यायची, गोठवून ठेवायची, नि महाग टायमात झाकण उघडायचं नाय. झाकण उघडलंस की बिल उडून चाललं. संध्याकाळी टाकीच्या झाकणाजवळ पण मला फिरकू द्यायचे नायत. फक्त एका कामाला ते झाकण कधी पण उघडायचे. डोंगरातल्या वाडीत कोण गेलं की मुलगे मुंबईहून येईपर्यंत बर्फ लागतो. तसं कोण दाराशी आलं की शेठ स्वतः टाकीत हात घालून सगळ्यात स्वच्छ लादी काढायचे, गोणपाटात बांधायचे, नि टेम्पोत मला बसवायचे. रेट विचारला की म्हणायचे, "ह्याला रेट नाय. भाताचं तूस घाला खाली, नि पंखा लावू नका."

त्या संध्याकाळच्या महाग तासात कॉम्प्रेसर बंद असायचा, म्हणून तेवढ्याच टायमात शेठ नि काकी एकमेकांना जागे सापडायचे. तो दिवसा झोपणारा, ती रात्री. सहाला शेठ आंघोळ करून धुवट शर्ट घालायचे, नि दोघं ओट्यावर चहा पीत बसायचे. बाजार पण तेव्हाच, भांडण पण तेव्हाच. दहाला भांडण अर्धं टाकून शेठ उठायचे, दुसऱ्या दिवशी सहाला बरोब्बर तिथून पुढं. काकीला शिवथरच्या घळीत जायचं होतं. ते कधी जमलं नाय. दिवसा शेठ झोपलेले, नि संध्याकाळी तिथं पोचेपर्यंत अंधार. काकी म्हणायची, "माझा अख्खा संसार महाग टायमातला हाय. म्हणून पुरवून पुरवून केला."

मग काकीचे डोळे जायला लागले. आधी संध्याकाळचं कमी दिसायचं, मग भर दुपारचं पण. पनवेलला दाखवलं, मुंबईला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं सांभाळा. घरात ती हातानं चालायची. भिंतीला हात लावत जायची तिथला रंग उडून गुळगुळीत पट्टा झाला होता. त्या पट्ट्यावरून ती चुलीपासून न्हाणीपर्यंत माझ्यापेक्षा सरळ जायची.

पण एका रात्री मागच्या पडवीत पडली. हाका मारत होती, नि भिंतीच्या पलीकडं कॉम्प्रेसर. शेठना पहाटे लाद्या काढून झाल्यावर कळलं. हाड मोडलं नव्हतं.

मुंबईहून पोराचा फोन आला. फोन स्पीकरवर असायचा, म्हणून सगळ्या कारखान्यानं ऐकला. "पप्पा, बस झालं आता. विकून टाका ते. मम्मीला घेऊन इकडं या. इकडं लिफ्ट हाय, वॉचमन हाय, केअरटेकर बाई मिळते."

काकी आतून म्हणाली, "इथं मला न्हाणी हाताला सापडते. तिथं म्हातारपणी परत चालायला शिकू?"

शेठ म्हणाले, "मे महिना जाऊ दे रे. सीझन हाय."

"ठीक हाय. मे एंडला मी गाडी घेऊनच येतो."

म्हंजे मे संपेपर्यंत शेठना दोन गोष्टी एकत्र जमवायच्या होत्या, रात्रीचा बर्फ नि रात्री काकीजवळ माणूस. नायतर दोघांनी मुंबई. त्यांनी काकीच्या खाटेपाशी एक बटण नि कॉम्प्रेसरवर एक लाल बल्ब बसवला. हाक ऐकू आली नाय तरी बल्ब दिसेल. काकीनं चुकून पण बटण दाबलं नाय, नि शेठ रात्रभर बल्बकडं बघत बसले, लाद्या अर्ध्या कच्च्या निघाल्या. मग तिची खाट कारखान्यात आणली. ती शिंकून बेजार. माझी बायको म्हणाली, कापड्यावरून मी येते सोबतीला. काकी म्हणाली, "बाई कशाला? नवरा हाय मला." शेवटी मी म्हटलं, "शेठ, तुम्ही घरी झोपा. रात्रीचा कारखाना मी सांभाळतो." शेठनी तोंड उघडायच्या आत कॉम्प्रेसरच खडखड करून बंद पडला.

मग तो लायनमन परत एकदा चहाला आला. आमचं ऐकून म्हणाला, "पण शेठ, तुम्ही अजून रात्रीच का चालवता? नवीन रेट आले ना. आता कारखान्यांना दिवसा स्वस्त हाय. बिलावर लिहिलंय की."

शेठ हसले. "दिवसा? सरकारला येड लागलंय?"

"सगळीकडं सोलर बसलेत शेठ. दुपारची लाईट इतकी होते की घ्यायला गिऱ्हाईक नाय."

शेठ उठून बाहेर अंगणात गेले. मफलर सोडून वर सूर्याकडं बघत उभे राहिले. जन्मभर तो डोक्यावर असताना हा माणूस घोरत पडलेला. आत आले तेव्हा डोळ्यात पाणी होतं, उन्हाचं असेल. लायनमनला म्हणाले, "मग इतकी वर्सं मी उगाच जागलो का रे?"

"उगाच कसं शेठ? तेव्हा रात्रीच स्वस्त होती."

शेठ घरात गेले. "ऐकलंस का गो? लाईट दिवसा स्वस्त झाली."

काकी तांदूळ निवडत होती, बोटांनी. "मला दिसायचं बंद झाल्यावर बरी दिवसा झाली," म्हणाली, नि खडा काढून बाजूला टाकला.

आता दिवसा बर्फ करायचा म्हटलं तरी एक अडचण होतीच. लाद्या व्हायच्या दुपारी, नि मासळीवाल्यांना लागायच्या पहाटे. मधली संध्याकाळ महाग, नि रात्री शेठना घरी असायचं. म्हंजे कॉम्प्रेसर न लावता लाद्या रात्रभर टिकवायच्या, तेही मे महिन्यात. मागं एक खोली होती, मोडक्या डब्यांनी भरलेली. शेठ म्हणाले, भिंतीच्या आतून फळ्या मारू, नि मधे काहीतरी जाड भरू.

इथं मी कामाला आलो. म्हटलं, आमच्या कापड्याच्या भातगिरणीच्या मागं तुसाचे डोंगर पडलेत. टेम्पो भरून तूस आणलं. फळ्यांच्या मागं भरलं, जमिनीवर पसरलं, लाद्यांवर घातलं, थोडं माझ्या बनियनमध्ये राहिलं. दारावर गोणपाटाचे पडदे. शेठनी आत उभं राहून भिंतीला हात लावला, जसा बैलाला लावतात, नि म्हणाले, "थंडी धरून ठेवील ही."

त्या दिवशी शेठनी पहिल्यांदा उजेडात बर्फ केला. लाद्या खोलीत लावल्या, दार लावलं, नि मला दाराशी बसवलं. "पहाटेपर्यंत दार कोणी उघडायचं नाय. लक्षात ठेव, साठवलेली लाईट हाय आत."

मी कोणालाच उघडू दिलं नाय. टेम्पोवाला बाटलीत घालायला तुकडा मागायला आला, त्याला हाकलला. लाद्या उचलणारे आले, त्यांना हाकललं. पण बर्फ टिकतोय का नाय हे कोणीतरी बघायला नको? म्हणून मी जरा उघडून बघायचो. टिकलेला असायचा. आनंदानं बंद करायचो. मग वाटायचं, मघाशी टिकलेला होता, आता काय? परत बघायचो. तूस बाजूला करून एकेका लादीला हात लावून बघायचो, म्हंजे खात्री. काळजीनं मला डोळा लागला नाय. बर्फाला माझ्यामुळं लागला नाय.

पहाटे पहिली मासळीवाली आली. आमची जुनी गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ. शेठनी दार उघडलं तर लाद्या वितळून, एकमेकीला चिकटून, मधे तूस अडकून बसलेल्या. तिनं एक उचलून बघितली.

"शेठ, लादी हाय का साबणाची वडी? नि हे वरून काय भुरभुरवलंय, जिरं?"

शेठनी तिला दुसरीकडून बर्फ आणून दिला. मला काय शिकवलं नाय, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ओट्यावर बसून त्यांनी काकीला सांगितलं, "नाय जमलं गो. बॅग भरायला घेऊ. पोराला फोन करतो."

काकी म्हणाली, "दाराशी कोण होतं?"

मी म्हटलं, "मी होतो काकी. रात्रभर हाललो नाय."

"दार उघडलंस का?"

"फक्त बघायला."

काकीचा हात भिंतीच्या त्या गुळगुळीत पट्ट्यावर होता. मग शेठना म्हणाली, "अहो, एक दिवस आणखी करा. आज दाराशी मी झोपते. कुलूप लावा नि चावी माझ्याकडं द्या."

"तू? तुला काय दिसणार?"

"तेच. मला दिसत नाय, म्हणून उघडून बघायची हौस पण नाय." नि माझ्याकडं तोंड करून, म्हंजे मी जिथं उभा असेन असं तिला वाटलं तिकडं करून, म्हणाली, "ह्याला आज कापड्याला पाठवा. दमलाय."

मला लय बरं वाटलं. एवढ्या गडबडीत काकीला माझी दया आली. संध्याकाळच्या एस्टीनं मी घरी गेलो, बायकोला म्हटलं, कारखाना माझ्या तुसावर उभा हाय, नि आडवा झालो.

पहाटेच्या टेम्पोनं परत आलो तर उजाडत होतं. खोलीच्या दाराला आडव्या दोन खाटा. एकीवर काकी उठून बसलेली, चावी कमरेला. दुसरीवर शेठ, स्वेटर नाय, मफलर नाय, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. काकी म्हणाली, "रात्रभर उठून बसत होते. इतक्या वर्सांची सवय. शेवटी मनगट धरून ठेवलं, तेव्हा कुठं पडले. तो हात अजून आखडलाय माझा." मी म्हटलं, उठवू का? ती म्हणाली, "मासळीवाली येऊ दे."

मासळीवाली आली, तिच्या आवाजानंच शेठ उठले. काकीनं कमरेची चावी काढली. कुलूप तिनंच चाचपून उघडलं. दार सरकलं, नि आतून धुरासारखी थंडी आमच्या पायावर आली. शेठनी तूस बाजूला केलं नि मागं सरले. बघायची हिंमत झाली नाय त्यांची. काकी पुढं झाली. लादीवर हात ठेवला, कडेकडेनं फिरवत कोपऱ्यापर्यंत नेला, मग दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"धार हाय," म्हणाली. "कोपरे जसेच्या तसे हायेत."

मासळीवालीनं लादी बघितली, बोटानं टकटक केलं, नि पाटी पुढं केली. तिच्याकडून एवढं म्हंजे सत्कार. शेठ तिथंच खाटेवर बसले. त्यांनी पोराला फोन लावला, स्पीकरवर. "मे एंडला ये. पण मोठी गाडी नको. आम्हाला शिवथरला घेऊन जा, घळीत. तुझ्या आईला जायचंय. लवकर निघू, नि मला दहाच्या आत परत आण. कॉम्प्रेसर लावायचाय."

पोरगा म्हणाला, "रात्री दहा ना?"

"सकाळी रे बाबा, सकाळी."

काकी हसत होती, नि हात अजून लादीवर होता, गार पडला तरी. मला पण भरून आलं. मी दारात उभा राहिलो, अंगावरचं तूस झटकलं, नि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा काकी, शेवटी आमच्या कापड्याच्या तुसानंच राखलं."

काकीनं हात पदराला पुसला.

"तूस पहिल्या दिवशी पण हेच होतं," ती म्हणाली. "ह्या वेळी तू घरी होतास."